तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं: 'कम'ला 'होम' जुळतं का हो?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की इंग्रजीतलं यमक बघायचं नसतं, ऐकायचं असतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेल आलेत की या महिन्यात बाकी सगळं बाजूला ठेवलंय. जोडाक्षरांवरून माझ्यावर चिडलेले कोल्हापूरचे काका, तुमचा नंबर पुढच्या अंकात, विसरले नाहीये.

ताई, माझी मुलगी दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम. वर्कशीटमध्ये 'कम'ला राइमिंग वर्ड्स लिहायचे होते. तिने सम, ड्रम आणि थंब लिहिलं. टीचरनी थंबवर काट मारली, का तर शेवटी बी आहे, आणि शेजारच्या मुलाने होम लिहिलं त्याला टिक! शाळेत जाऊन भांडू की नको? (एक आई, सातारा)

भांडू नका, पण घरी लेकीला सांगा की तुझं बरोबर होतं. थंब म्हणजे अंगठा, त्यातला तो बी फक्त लिहायचा, बोलायचा नाही, खरा उच्चार नुसता 'थम'. कम, सम, ड्रम, थम, ऐकून बघा, एका माळेचे मणी. होम मात्र त्या माळेतलं नाहीच, ते जुळतं फोमला (फेस), रोमला (भटकणं, आणि इटलीतलं ते शहरसुद्धा) आणि कोमला. हा कोम म्हणजे आपला कंगवा, ज्याला आपण सर्रास कोंब म्हणतो, बटाट्याला फुटल्यासारखा. गंमत म्हणजे कंगव्याचा कोम, थडग्याचा टूम आणि फुटणारा बॉम हे तिन्ही शब्द इंग्रजीत लिहिले तर पहिलं अक्षर सोडून बाकी स्पेलिंग डिट्टो सेम, आणि बोलताना तिघं तीन दिशांना. टीचर डोळ्यांनी जुळवत होत्या, तुमची मुलगी कानांनी, एवढाच फरक.

माझी एक साधी युक्ती आहे, वर्गात वर्षानुवर्षं वापरली. शब्द देवनागरीत लिहायचा, उच्चार येतो तसा, आणि मग शेवट बघायचा. बर्ड, वर्ड, थर्ड, हर्ड. इंग्रजीत या चौघांचे स्वर तीन तऱ्हांनी लिहितात, देवनागरीत लिहिलं की लगेच दिसतं की भावंडं आहेत. (हर्ड दोन आहेत बरं का, एक 'ऐकलं' आणि एक गुरांचा कळप.) बिअर्ड म्हणजे दाढी, तिचं स्पेलिंग 'ऐकलं'वाल्या हर्डसारखंच पण ती या घरातली नाही.

आता हे असं झालं का, तर त्याचा दोष बराचसा जुन्या कारकुनांवर जातो. हाताने पोथ्या लिहायचे तेव्हा यू म्हणजे दोन उभ्या रेघा, एन म्हणजे दोन, एम म्हणजे तीन, हे शेजारी शेजारी आले की नुसतं कुंपण दिसायचं, कुठलं अक्षर कुठे संपलं पत्ता नाही. मग लिहिणाऱ्यांनी अशा ठिकाणी यू काढून गोल ओ घालायला सुरुवात केली, वाचणाऱ्याला बरं म्हणून. कम, सम, सन म्हणजे मुलगा, हनी, लव्ह, या सगळ्यांत ओ दिसतो आणि ऐकू येत नाही तो म्हणूनच. मोडीतली जुनी दप्तरं वाचणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही. त्यात १४७६ साली कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, हळूहळू स्पेलिंग गोठत गेलं, आणि लोकांच्या तोंडातले स्वर मात्र साधारण १४०० ते १७०० या काळात घसरतच राहिले. लिखाण जिथल्या तिथे, बोलणं गेलं पुढे निघून.

बट आणि पुटचं भांडणही असंच. बट, कट, नट, शट एका घरचे. पुट जुळतो तो फुटला (पाऊल) आणि सुटला, म्हणजे चिमणीतली काजळी. पण उत्तर इंग्लंडात गेलात तर तिथले लोक कटला 'कुट'च म्हणतात, तो जुना उच्चार त्यांनी सोडलाच नाही, त्यामुळे त्यांच्याकडे बट आणि पुट बिनधास्त जुळतात. म्हणजे वर्कशीट तपासणारी बाई उत्तर इंग्लंडातली असती तर आणखीनच वेगळं उत्तर आलं असतं!

टीचरवर फार रागावू नका हो. मी स्वतः एकदा फळ्यावर कार, बार, फार, वॉर अशी ओळ ठोकून दिली होती आणि मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहून म्हणाला, "बाई, तीन आर हायेत आन् एक ऑर." वर्ग हसला, मीही हसले, आणि घरी गेल्यावर डिक्शनरी काढून बसले. वॉर जुळतं डोअर, फोर, मोअर यांना. इथे माझ्या देवनागरीच्या युक्तीचीही फजिती होते, कारण आपण वॉर आणि डोअर वेगळे लिहितो आणि बोलतोही वेगळे, लंडनवाला मात्र दोन्हींचा शेवट एकसारखा करतो आणि तो आर तर गिळूनच टाकतो. त्यामुळे युक्ती नव्वद टक्के ठिकाणी वापरा, दहा टक्के ठिकाणी कुणालातरी बोलताना ऐका.

माझा नातू न्यू जर्सीत असतो, वय वर्षं चार. व्हिडिओ कॉलवर ए बी सी डीचं गाणं म्हणतो आणि शेवटी झेडच्या जागी 'झी' म्हणतो. मी सुधारलं तर म्हणतो, आबा यू आर राँग. कोण बरोबर? (एक आजोबा, पुणे)

आबा, अक्षराच्या नावापुरतं दोघंही बरोबर, पण गाण्यापुरतं नातू जिंकला. ते गाणंच मुळी अमेरिकन. १८३५ साली बोस्टनमध्ये त्याचे हक्क नोंदवले गेलेत, चाल जुनी फ्रेंच, तीच आपली ट्विंकल ट्विंकलची. आता ते मनात म्हणून बघा. पहिली ओळ जीवर संपते, दुसरी पीवर, तिसरी व्हीवर, चौथी झीवर, आणि शेवटी 'विथ मी'. जी, पी, व्ही, झी, मी. सगळी इमारत 'ई'च्या खांबांवर उभी आहे. आपण तिथे झेड घालतो म्हणजे जिना चढताना शेवटची पायरीच काढून घेतो, दाणकन आपटायला होतं, आणि आपल्या चारचार पिढ्या तशाच आपटत आल्यात, कुणाला काही वाटलं नाही. झेड हे नाव मूळ ग्रीक झीटावरून फ्रेंचमार्गे इंग्लंडात आलं, ते जुनं आणि चांगलं खानदानी आहे, तुम्ही ते सोडू नका. फक्त नातू गात असताना मधे बोलू नका.

आमच्या अंगणवाडीतल्या चित्राच्या पुस्तकात जॅक अँड जिलचं गाणं आहे. त्यात जॅक पडतो आणि त्याच्या डोक्यावरचा मुकुट तुटतो असं चित्र आहे. पाणी आणायला जाणारा पोरगा मुकुट घालून का गेला असेल? (सेविका, अकोला जिल्हा)

हा प्रश्न वाचून मी इतकी हसले की चहा सांडला. तुम्हाला जी शंका आली ती पुस्तक छापणाऱ्याला यायला हवी होती. क्राऊन म्हणजे मुकुट हे खरं, पण डोक्याचा वरचा भाग, आपली टाळू, तिलाही क्राऊनच म्हणतात. जॅक पडला आणि त्याचं डोकं फुटलं, इतकं सरळ आहे. हेड न म्हणता क्राऊन का, तर आधी 'फेल डाउन' येऊन गेलंय, त्याला काहीतरी जुळायला हवं ना. आणि 'पेल' म्हणजे बादली, तो शब्द हल्ली इंग्लंडातसुद्धा फारसा ऐकू येत नाही.

त्याच गाण्यात आणखी एक मजा आहे. 'वॉटर'ला 'आफ्टर' जुळवलंय. जुळतं का? आज मुळीच नाही. पण पूर्वी वॉटरमधला तो स्वर आपल्या 'आ'च्या जवळचा होता, म्हणून जाणकार हे यमक सतराव्या शतकाच्या आसपासचं धरतात. आपल्याकडे अजून कितीतरी जण वाटरबॅग म्हणतात आणि शिकलेली मंडळी त्यांना हसतात. हसू नका, जॅक आणि जिल त्यांच्या बाजूने आहेत.

तुम्ही पत्राच्या शेवटी रिंगा रिंगा रोझेस हे प्लेगचं गाणं आहे का असंही विचारलंय, ते व्हॉट्सॲपवर फार फिरतं. लोकगीतांचा अभ्यास करणारे ते मानत नाहीत. लंडनचा मोठा प्लेग १६६५चा, गाणं इंग्लंडात छापलं गेलं १८८१ साली, आणि प्लेगची कथा त्याला चिकटली ती पार विसाव्या शतकात. शिवाय प्लेगमध्ये काखेत, जांघेत गाठ येते, शिंका ही काही त्याची खूण नव्हे. आणि आपली मुलं तर इंग्रजी गाण्यातल्या 'अटिशू' या शिंकेच्या जागी 'हुशा बुशा' म्हणतात, त्याचा अर्थ विचारू नका, पण काय छान जुळतं!

मी सेकंड इयरला आहे, मराठी-इंग्लिश मिक्स रॅप लिहितो. नेशन, पॅशन, मोशन, ऑप्शन असं जुळवलं तर मित्र म्हणतो हे यमक नाही. चारही शब्द शनने संपतात की! (एक रॅपर, संगमनेर)

मित्राला वडापाव दे, तो बरोबर आहे. इंग्रजीत यमक शब्दाच्या शेवटच्या तुकड्यापासून धरत नाहीत, जिथे जोर पडतो त्या स्वरापासून धरतात, आणि तिथून पुढचं सगळं सारखं लागतं. नेशनमध्ये जोर 'ने'वर, म्हणजे 'एशन' एवढं जुळायला हवं, म्हणून त्याचे जोडीदार स्टेशन, क्रिएशन. पॅशनला फॅशन. मोशनला लोशन आणि ओशन. ऑप्शनला अडॉप्शन, म्हणजे दत्तक घेणं. रनिंगला सिंगिंग चालत नाही, कनिंग चालतं, कनिंग म्हणजे धूर्त.

तुला गझल माहीत असेल तर एका मिनिटात कळेल. 'येत आहे, नेत आहे, देत आहे' यात 'आहे' हा रदीफ, तो तर सगळीकडे सारखाच असणार, त्याचं कौतुक नाही, खरी कारागिरी 'एत'ची, म्हणजे काफियाची. तुझा 'शन' हा रदीफ झाला रे. काफिया तू जुळवलाच नाहीस.

आता गंमत बघ. शिधा या अर्थाचा शब्द इंग्लंडात 'रॅशन', म्हणून तिथे तो पॅशन-फॅशनच्या घरात जातो. आपण म्हणतो रेशन, रेशनकार्ड, रेशनचं दुकान, त्यामुळे आपल्या कानाला तो नेशन-स्टेशनशी जुळतो, आणि अमेरिकेत दोन्ही उच्चार चालतात. तू संगमनेरला बसून रॅप लिहितोयस, लंडनला नाही, तेव्हा बिनधास्त रेशन आणि स्टेशन जुळव.

अर्धवट यमक रॅपमध्ये मुद्दाम वापरतात हेही खरं, त्याला कुणी चूक म्हणत नाही, पण मुद्दाम केलं की झालं हे ऐकणाऱ्याला कळतं बाबा. आणि एक, रात्र या अर्थाचा नाइट आणि सरदार या अर्थाचा नाइट अशी जोडी लावू नकोस, उच्चार सुरुवातीपासून एकच असला की त्याला यमक म्हणत नाहीत, तो तोच आवाज दोनदा झाला.

मॅडम, मुलांच्या स्पर्धा परीक्षेसाठी शंभर राइमिंग वर्ड्स अर्थासहित द्यावेत ही विनंती. (एक पालक, लातूर)

शंभर देणार नाही. अशा याद्या मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विसरतात, मी बघितलंय. त्यापेक्षा अशी घराणी घ्या ज्यांच्यात आवाजाबरोबर अर्थही थोडा थोडा वाटून घेतलाय.

'अम्प'चं घराणं घ्या. बम्प म्हणजे टेंगूळ, लम्प म्हणजे गोळा, हम्प म्हणजे बैलाचं वशिंड, रम्प म्हणजे जनावराचा पुठ्ठा, स्टम्प म्हणजे झाड तोडल्यावर उरलेला खुंट (क्रिकेटमधला स्टंपही तोच), क्लम्प म्हणजे झुपका, बांबूचं बेट असतं ना तसं, प्लम्प म्हणजे गुबगुबीत, डम्प म्हणजे टाकलेला ढीग. बघा, सगळं कसं गोल, जाड, बुटकं, वर आलेलं. आता 'ॲश'वाले: क्रॅश, स्मॅश, बॅश, क्लॅश, लॅश म्हणजे चाबकाचा फटका, स्लॅश म्हणजे सपकन वार, स्प्लॅश म्हणजे पाणी उडणं. सगळी आदळआपट. 'इगल'वाले हलणारे: विगल, जिगल म्हणजे वळवळणं, हिंदकळणं, आणि गिगल म्हणजे खिदळणं, ज्यात पोरी खांद्यापासून हलतात.

या प्रकाराला फर्थ नावाच्या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९३० साली फोनेस्थीम असं नाव दिलं. हा गृहस्थ त्याआधी लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवत होता. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, धाडकन, ताडकन, खाडकन, फाडकन म्हटलं की अर्थ न सांगताही पोराला कळतं की काहीतरी जोरात झालंय. अपवाद असतातच, पम्प काही गोल नसतो आणि कॅशमध्ये आदळआपट नसते, म्हणजे नसावी. पण दहातले सात जरी असे लक्षात राहिले तरी शंभराच्या यादीपेक्षा बरं.

ऑरेंजला इंग्रजीत यमकच नाही हे खरं का? आम्ही नागपूरकर असल्याने विचारतोय. (नागपूर)

रोजच्या वापरातल्या शब्दांत खरंच नाही. वेल्समध्ये ब्लॉरेंज नावाचा एक डोंगर आहे, यमक हवंच असेल तर तिथवर चढून जावं लागेल. सिल्व्हरला चिल्व्हर सापडतं, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू, पर्पलला स्कॉटलंडकडचं हर्पल, म्हणजे लंगडत चालणं, पण हे कुणी बोलताना वापरत नाही, फक्त कोड्यात वापरतात.

पण ऑरेंजचं मला वाईट वाटतं ते वेगळ्या कारणाने. हा शब्द निघाला आपल्याकडून, संस्कृतातला नारंग. फारसीत गेला, अरबीत नारंज झाला, स्पेनमध्ये पोचला, आणि फ्रान्स-इटलीकडे कुठेतरी त्याचा सुरुवातीचा न आधीच्या शब्दाला चिकटून गळून पडला. इंग्रजीत पोचला तो ऑरेंज होऊन, एकटा. रंगाचं नाव म्हणूनही इंग्रजांनी तो सोळाव्या शतकात वापरायला घेतला, त्याआधी ते त्या रंगाला पिवळा-लाल असं काहीतरी म्हणायचे. घरी असता तर नारिंगी, सारंगी, फिरंगी, बजरंगी असा केवढा गोतावळा होता त्याला!

मुलगा नोकरीसाठी लंडनला गेलाय. घरमालक म्हातारा आहे, स्वभावाने चांगला, पण तो काय बोलतो ते कळत नाही म्हणतो. 'अप द ॲपल्स' जा म्हणाला आणि एकदा 'हॅव अ बुचर्स' म्हणाला. इकडे आम्ही शुद्ध शाकाहारी, बुचर म्हणजे खाटीक एवढं मला कळतं, त्यामुळे काळजी वाटतेय. (एक आई, डोंबिवली)

काळजी सोडा वहिनी, खाटकाचा इथे काही संबंध नाही. म्हातारा पूर्व लंडनचा दिसतोय, कॉकनी. जुनी व्याख्या अशी की सेंट मेरी-ल-बो या चर्चच्या घंटा जिथवर ऐकू येतात तिथे जन्मलेला तो कॉकनी. या लोकांनी एकोणिसाव्या शतकात एक यमकांची बोली काढली, १८५९ सालच्या एका स्लँग डिक्शनरीत तिची नोंद आहे. काही म्हणतात बाजारातल्या फेरीवाल्यांनी गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून काढली, काही म्हणतात पोलिसांना कळू नये म्हणून, मला वाटतं निम्मी तरी निव्वळ मजा म्हणून असणार. आपल्याकडे व्यापाऱ्यांची नंदभाषा होती ती आठवा, भाव सांगायचा पण शेजारच्याला कळू द्यायचा नाही.

युक्ती अशी. जो शब्द बोलायचा त्याला जुळणारी एक जोडी घ्यायची. स्टेअर्स म्हणजे जिना, त्याला जुळतं 'ॲपल्स अँड पेअर्स', सफरचंदं आणि नाशपाती. मग पुढची पायरी अशी की जुळणारा शब्दच गाळून टाकायचा! उरलं नुसतं ॲपल्स. म्हणजे यमकावर उभी असलेली बोली आणि यमकच गायब, बाहेरच्याला कळणार कुठून? 'बुचर्स हुक' म्हणजे खाटकाचा आकडा, तो जुळतो 'लुक'ला, हुक गाळलं की राहिलं बुचर्स, अर्थ नुसता 'बघ जरा'.

असे बरेच आहेत, मुलाला कळवा. डोकं म्हणजे हेड, त्याला 'लोफ ऑफ ब्रेड', म्हणून 'यूज युअर लोफ' म्हणजे डोकं वापर. मित्र म्हणजे मेट, त्याला 'चायना प्लेट', म्हणून म्हातारा 'माय ओल्ड चायना' म्हणाला तर तो चीनबद्दल बोलत नाहीये, मुलाला दोस्त म्हणतोय, चांगलं लक्षण आहे. फोन म्हणजे 'डॉग अँड बोन'. खोटं बोलणं, लाइज, त्याला 'पोर्की पाइज', म्हणून पोर्कीज. चोर म्हणजे थीफ, त्याला 'टी लीफ', चहाची पत्ती. बायकोला 'ट्रबल अँड स्ट्राइफ' म्हणतात, कटकट आणि भांडण. वाइफला दुसरं काही जुळलं नसेल का, पण असो, आपल्याकडच्या नवऱ्यांनी हा कॉलम वाचून पाठ करू नये.

आणि एक तुमच्या कामाचं. म्हातारा एखाद्या शनिवारी म्हणाला की चल आपण 'रुबी'ला जाऊ, तर मुलाने घाबरू नये. रुबी मरे नावाची बेलफास्टची गायिका होती, १९५५ साली तिची पाच गाणी एकाच आठवड्यात टॉप ट्वेंटीत होती. तिचं आडनाव मरे, ते जुळतं करीला, म्हणजे तिथल्या उच्चारात, मरी आणि करी, म्हणून रुबी म्हणजे करी, म्हणजेच आपलं हॉटेलातलं जेवण. त्याने खुशाल जावं, फक्त ऑर्डर देताना शाकाहारी आहे हे आधी सांगावं, आणि ते मात्र साध्या इंग्रजीत सांगावं.